नळी जुनी, काडतूस नवं
(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

सोनारीला काळभैरवनाथाच्या दर्शनाला गेलेली मंडळी हाताशी वेळ असेल तर परांड्याचा भुईकोट किल्लाही पाहून येतात. धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला परांडा हा तालुका, आणि सोनारी याच तालुक्यातलं गाव. परांड्याच्या किल्ल्यात आजही जुन्या तोफा पाहायला मिळतात. पण परांड्याची सगळ्यांत प्रसिद्ध तोफ मात्र परांड्यात नाही. ती आहे विजापूरला. तिचं नाव मलिक-ए-मैदान. आपण तिला मुलूखमैदान म्हणतो.

ही तोफ निजामशाहीची. १५४९ मध्ये ती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. पुढे ती परांड्याला आली. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरने निजामशाहीचा कारभार काही काळ याच परांड्यातून चालवला. १६३२ मध्ये आदिलशाहीच्या मुरार जगदेवांनी ही तोफ ओढत ओढत विजापूरला नेली. पुढे १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकलं, तेव्हा त्यानेही या तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरवून घेतला. म्हणजे तोफ तीच, मालक तीन.

आता प्रश्न असा, की एवढा खटाटोप कशासाठी? विजापूरला काय ओतारी नव्हते? नवी तोफ ओतता आली नसती? आली असती. पण जुनी तोफ चांगल्या मिश्रधातूची होती, भरवशाची होती, आणि तिला लागणारा गोळा व दारू कुठेही तयार करता येत होती. जोपर्यंत गोळा मिळतो तोपर्यंत तोफ जुनी होत नाही, हा त्यातला हिशेब.

श्रोतेहो, आज मी ज्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे तो याच हिशेबाचा आहे. फक्त तोफेऐवजी आपण शिकारीची बंदूक घेऊ. घरात वाडवडिलांची जुनी बंदूक आहे. ती दुरुस्त करून, नळी बदलून, नव्या जमान्याला जुळवून घ्यायची, की सरळ नवी विकत घ्यायची? प्रश्न घरगुती वाटतो. पण हाच प्रश्न राजेरजवाड्यांना पडला, शिकाऱ्यांना पडला, आणि जगातल्या बलाढ्य साम्राज्यालाही पडला. प्रत्येकाने त्याचं उत्तर वेगळं दिलं. ती उत्तरं एकापुढे एक मांडली, की एक गोष्ट ध्यानात येते. बंदुकीचं आयुष्य बंदूक ठरवत नाही. ते काडतूस ठरवतं, आणि काडतूस कुणाला मिळावं हे सरकार ठरवतं.

सुरुवात तोड्याच्या बंदुकीपासून करू. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवलेली, धुमसत राहणारी सुती दोरी. नळीच्या मागच्या बाजूला एक लहानसं छिद्र, त्याला कान म्हणत. कानाजवळच्या खळग्यात बारीक दारू ठेवायची, ती रंजक. चाप ओढला की पेटता तोडा रंजकेवर टेकतो, ठिणगी कानातून आत जाते आणि बार उडतो. पावसात ही बंदूक निकामी, रात्री तोड्याचा निखारा लांबून दिसणार, आणि वास तर जनावराला आधीच लागणार. तरीही आपल्याकडे ही बंदूक शेकडो वर्षं चालली.

दरम्यान युरोपात चकमकीची बंदूक आली. तोड्याच्या जागी गारगोटीचा तुकडा. तो पोलादावर आपटला की ठिणगी पडते. ही बंदूक कंपनी सरकारच्या पलटणींबरोबर इकडे आली आणि महादजी शिंद्यांनी तिचं महत्त्व ओळखलं. त्यांच्या पदरी असलेल्या द बॉइन याने कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांच्यासाठी आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा आणि बंदुका तयार करत असे. दहा रुपयांत एक बंदूक पडे, असं लिहिलेलं आढळतं. महादजींनी जुन्या बंदुका सुधारत बसण्यापेक्षा नव्याचा कारखानाच काढला, हे त्यांचं उत्तर.

१७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याची लढाई झाली. खर्डा जामखेड तालुक्यात, परांडा-भूमच्या सीमेला लागून. त्या मैदानावर मराठ्यांच्या बाजूने पेराँच्या हाताखालच्या शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या आणि निजामाच्या बाजूने रेमाँच्या पलटणी. दोन्हीकडे चकमकीच्या बंदुका होत्या. पण त्यांच्याच आजूबाजूला दोन्ही सैन्यांत तोड्याच्या बंदुका घेतलेली माणसंही होती. जुनं आणि नवं एकाच मैदानात, एकाच बाजूने लढत होतं.

असं का? चकमक चांगली, हे कळत नव्हतं म्हणून नव्हे. चकमकीच्या चापाला उत्तम पोलादाची स्प्रिंग लागते. ती तुटली तर खेड्यातल्या लोहाराला करता येत नाही. गारगोटीही ठरावीक प्रकारची लागते आणि काही बारांनंतर ती बदलावी लागते. तोडा मात्र घरच्या कापसाचा. तेव्हा खेड्यातल्या माणसाने जुनी बंदूक धरून ठेवली, तो मागासलेपणा नव्हता. जे आपल्या गावात दुरुस्त होतं तेच हत्यार आपलं, असा तो रोकडा विचार होता.

यानंतरची मोठी सुधारणा झाली ती मात्र लढाईमुळे नाही, तर शिकारीमुळे. स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर फोर्सिथ नावाचा एक पाद्री होता. त्याला पाखरांच्या शिकारीचा नाद. चकमकीच्या बंदुकीत आधी रंजक भडकते आणि मग, क्षणभराने, गोळी सुटते. त्या भडक्याने पाखरं सावध होऊन निसटत. फोर्सिथ यावर उपाय शोधत राहिला. आघाताने पेटणारं रसायन त्याने वापरलं आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे तांब्याची इवलीशी टोपी आली. टोपी निपलवर बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की बार. आपल्याकडे हीच टोपीची बंदूक. पुढून दारू-छर्रे ठासायचे म्हणून ठासणीची बंदूक हेही नाव तिला चिकटलं.

आणि इथे जुन्याला नवं करण्याचा पहिला मोठा मोसम सुरू झाला. कारण चकमकीची बंदूक टोपीची करणं सोपं होतं. रंजकेचा खळगा काढायचा, कानाच्या जागी निपल बसवायचं, गारगोटी धरणारा घोडा काढून हातोडीसारखा घोडा लावायचा. नळी तीच, दस्ता तोच. कुशल कारागिराचं हे थोडक्या दिवसांचं काम. हजारो शिकाऱ्यांनी आपल्या आवडत्या बंदुका अशा बदलून घेतल्या. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही आहेत. या बंदुकीला लागणारी दारू वेगळी, छर्रे वेगळे, सगळं सुटं. एखादं तयार काडतूस बाजारातून गेलं म्हणून ती मुकी होत नाही. तिच्या दीर्घायुष्याचं रहस्य तेच.

यानंतर प्रश्न साम्राज्याला पडला. १८५३ ची एनफिल्ड रायफल आणि तिची चरबी लावलेली कागदी काडतुसं यांची १८५७ मधली हकीकत आपण शाळेत शिकतो. त्यानंतर दहाच वर्षांत मागून भरायच्या बंदुकांचा जमाना आला. १८६६ च्या युद्धात प्रशियाच्या मागून भरायच्या बंदुकांपुढे ऑस्ट्रियाची पुढून भरायची बंदूक दुबळी पडली. इंग्रज सरकारकडे तर लाखो एनफिल्ड पडून होत्या. त्या भंगारात काढायच्या?

जेकब स्नायडर या अमेरिकी माणसाने तोडगा दिला. एनफिल्डच्या नळीचा मागचा सुमारे अडीच इंचांचा भाग कापून काढायचा आणि तिथे बिजागरीवर बाजूला उघडणारा ठोकळा बसवायचा. ठोकळा उघडा, काडतूस सारा, ठोकळा मिटा, चाप ओढा. पुढून ठासताना मिनिटाला तीन बार होत, ते आता दहापर्यंत जाऊ लागले. एका जुन्या बंदुकीची जणू नवी बंदूक झाली, तीही नवीच्या मानाने थोड्या खर्चात.

तिची पहिली मोठी परीक्षा झाली १८६८ मध्ये ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात. ती मोहीम निघाली आपल्या मुंबईहून. सेनापती सर रॉबर्ट नेपियर हे मुंबई लष्कराचे प्रमुख. गोऱ्या पलटणींच्या हातात स्नायडर होती. आणि त्याच मोहिमेतल्या हिंदी शिपायांच्या हातात? त्यांच्या हातात पुढून भरायच्या, गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुका. १८५७ नंतर ठरवूनच हिंदी शिपायाला एक पिढी मागचं हत्यार दिलं जाई. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली, मग हिंदी पलटणींना स्नायडर मिळाली. पुढे गोऱ्यांकडे लांब पल्ल्याची मॅगझिन रायफल आली, मग मार्टिनी इकडे उतरली. तेव्हा 'सुधारलेली जुनी' की 'कोरी नवी' हा नुसता कारागिरीचा प्रश्न नव्हता. कुणावर विश्वास आहे आणि कुणावर नाही, याची ती मोजपट्टी होती.

तयार काडतुसांचा जमाना आला तसे त्यांचे कारखानेही आले. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. बंदुकीच्या इतिहासात ही तारीख मला फार मोलाची वाटते. तोवर गोळी घरी ओतता येत होती, दारू गावात मिळत होती. पितळी काडतूस मात्र गावात होत नाही. त्याला मापाचा साचा लागतो, कारखाना लागतो. बंदूक तुमची असली तरी तिचा श्वास आता कारखान्याच्या हाती गेला. आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रांचा कायदा आला, तेव्हा बंदूक आणि काडतूस दोन्ही परवान्याखाली गेली. हिंदी माणसाला परवाना हवा, गोऱ्याला मात्र त्यातून सूट. या भेदाविरुद्ध राष्ट्रसभेने वर्षानुवर्षं ठराव केले.

आता खास शिकारीच्या रायफलीकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू आली. जुन्या काळ्या दारूने बार उडाला की पुढे पांढऱ्या धुराचा पडदा उभा राही, जखमी जनावर कुठे गेलं ते दिसत नसे. नवी दारू स्वच्छ आणि कितीतरी जोरकस. पण जोर जास्त म्हणजे नळीतला दाबही जास्त. आणि जुन्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, त्या सळईभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेल्या असत. दिसायला देखण्या, अंगावर लाटांची नक्षी. काळ्या दारूला त्या पुरत. नव्या दारूचं पूर्ण ताकदीचं काडतूस त्यात घातलं तर नळी फाटून शिकाऱ्याचाच हात जाण्याचा धोका.

मग मधला मार्ग निघाला. जुन्या मापाच्या काडतुसात नवी दारू, पण बेताने भरलेली. बंदूक जुनी, काडतूस सुधारलेलं. याचं एक प्रसिद्ध उदाहरण आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेलं असेल, पण त्या नजरेने नाही. १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तेव्हा त्यांच्या हातात ५०० बोअरची दुनळी रायफल होती आणि तिच्यात असंच बेताचं नवं काडतूस. त्या दिवशी त्यांच्याजवळ काडतुसं होती तीनच. ती संपली, वाघीण जखमी होऊन समोर उभी. कॉर्बेट धावत गेले आणि तहसीलदारांची बंदूक घेतली. ती हातात घेतल्यावर दिसलं, की नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यामध्ये बोटभर नाही तरी चांगली फट आहे. अशी बंदूक उडवणं म्हणजे मागच्या बाजूने स्फोट अंगावर घेणं. तरी त्यांनी ती उडवली. नेम चुकला, गोळी वाघिणीच्या पंजाला लागली. वाघीण मेली ती आधीच्या जखमांनी. या कामगिरीबद्दल प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी कॉर्बेटना रिग्बी कंपनीची २७५ बोअरची नवी रायफल भेट दिली. एकाच प्रसंगात तीन बंदुका: काडतूस बदलून चालवलेली जुनी, दुरुस्तीविना राहिलेली धोकादायक, आणि कोरी नवी.

'बोअर' या शब्दाचा खुलासा इथेच करतो. रायफलीच्या बाबतीत ४५० किंवा ५०० म्हणजे नळीच्या छिद्राचं साधारण माप, इंचाच्या हजाराव्या भागांत. छऱ्याच्या बंदुकीत मात्र 'बारा बोअर'चा अर्थ निराळा. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची. म्हणून सोळा बोअरची नळी बारा बोअरहून लहान.

त्याच १९०७ च्या सुमाराला हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांपुढे मोठा पेच उभा राहिला. मोठ्या शिकारीसाठी ४५० बोअरची रायफल तेव्हा सर्वांत लोकप्रिय. पण लष्करातून निवृत्त झालेल्या मार्टिनी-हेन्रीचं मापही ४५० चंच. त्या जुन्या मार्टिनी बंडखोरांच्या हाती पडल्या, आणि शिकारीच्या नावाने आलेली काडतुसं त्यांना मिळाली तर? या भीतीने सरकारने ४५० मापाच्या आयातीवर बंदी घातली. लष्कराचं ३०३ हे मापही असंच सामान्यांच्या हातून दूर ठेवलं गेलं. रायफल उत्तम अवस्थेत, मालकाचा परवाना पक्का, तरी काडतूस नाही. रायफल भिंतीवर.

बंदूकवाल्यांनी काय केलं? मापच बदललं. ४६५, ४७०, ४७५, ४७६ असली नवनवी मापं इंग्लंडमध्ये निघाली. मालकांपुढे दोनच रस्ते होते: आहे त्या बंदुकीला नव्या मापाची नळी बसवून घ्यायची, नाही तर नवी घ्यायची. ज्याच्या बंदुकीचा सांगाडा दणकट त्याने पहिला रस्ता धरावा, इतरांनी दुसरा. आज जगभरच्या शिकारीच्या इतिहासात नावाजलेली ४७० ही मूळ गरजेपोटी पुढे आली, आणि ती गरज निर्माण झाली हिंदुस्थान सरकारच्या एका हुकमाने.

याच धोरणाची दुसरी आठवण आपल्या अधिक ओळखीची आहे. परवानाधारकांमध्ये 'तीनशे पंधरा' हा शब्द सर्रास चालतो. हे माप आलं कुठून? ते ऑस्ट्रियाच्या लष्कराच्या मानलिखर काडतुसाचं. ते इंग्रजी लष्कराचं नाही, म्हणून त्याला मोकळीक. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ली-एनफिल्डच्या धर्तीची रायफल या मापात हिंदुस्थानसाठी आणली. इंग्रज गेले, ऑस्ट्रियाचं ते साम्राज्यही गेलं, पण बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने ३१५ बोअरची शिकारी रायफल स्वतंत्र भारतातही बनवली आणि विकली. एका जुन्या भीतीने ठरवलेलं माप शंभर वर्षांनंतरही आपल्या परवान्यांवर लिहिलं जातं.

सरकार स्वतःच्या बंदुका कशा बदलत होतं, तेही पाहण्यासारखं आहे. ईशापूरलाच ३०३ रायफली बदलून त्यांची ४१० बोअरची एकबारी मस्केट केली गेली. ती पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी. पल्ला कमी, एका वेळी एकच काडतूस, आणि हिसकावून नेली तरी लष्करी काडतूस तिला चालणार नाही. आपण 'सुधारणा' म्हणतो तेव्हा हत्यार अधिक जोरकस झालं असं गृहीत धरतो. इथे मुद्दाम कमजोर केलं. उलट, १९६२ च्या चीन युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरचं नवं काडतूस आलं, तेव्हा ईशापूरने जुन्या ३०३ नमुन्याचाच आधार घेतला, पण रायफली नव्या बनवल्या आणि पोलाद अधिक कणखर वापरलं. कारण नव्या काडतुसाचा दाब जास्त. आराखडा जुना चालतो, पोलाद जुनं चालत नाही, हा धडा त्यात आहे.

आता घरातल्या बंदुकीकडे परत येऊ. कुणी विचारलं, आजोबांची विलायती दुनळी आहे, दुरुस्त करू की नवी घेऊ, तर पहिलं उत्तर हे, की आधी नळीच्या आतलं काडतुसाचं घर मोजून घ्या. जुन्या इंग्रजी बारा बोअर बंदुकांचं घर बहुधा अडीच इंचांचं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. आजची काडतुसं सर्रास ७० मिलिमीटरची. ती जुन्या घरात बसल्यासारखी वाटतात. पण बार उडताना काडतुसाचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. शंभर वर्षं जपलेली बंदूक एका चुकीच्या काडतुसाने फुटू शकते. दस्ता बदलता येतो, माशी नवी बसवता येते, चापाच्या स्प्रिंगा बदलता येतात. झिजलेली किंवा आतून गंजाने खड्डे पडलेली नळी पॉलिश करून तरुण होत नाही. आणि नक्षीच्या पिळाच्या नळीत आजचं काडतूस घालूच नये. ती जपावी, उडवू नये.

दुसरं उत्तर कायद्याचं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक दुरुस्त करण्याचा किंवा बदलण्याचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. नळी आखूड करणं तर स्वतंत्र गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका प्रकारच्या शस्त्राचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणंही त्यात स्पष्टपणे घातलं. गावातल्या हुशार कारागिराकडून नळी बदलून घेण्याचा जमाना कायद्याने संपवला आहे. याच दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं ठरवलं. तिसरं जमा करायला एक वर्षाची मुदत होती. तेव्हा ज्यांच्या घरी दोन जुन्या बंदुका आहेत, त्यांनी नवी घ्यायची म्हणजे एक जुनी सोडायची. त्यात १९८० च्या दशकात परदेशी बंदुकांची खासगी आयात थांबली. त्यामुळे जुन्या विलायती बंदुकीची किंमत तिच्या उपयोगापेक्षा तिच्या दुर्मीळपणाने ठरू लागली.

आणि तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. बंदूक चांगली झाली, काडतूस मिळालं, परवाना आहे. पण ती उडवायची कशावर?

परांडा, करमाळा, जामखेड, बार्शी हा सगळा माळरानाचा मुलूख. काळविटाचा आणि माळढोकाचा. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. काळ लक्षात घ्या. स्नायडर अजून चाळीस-पन्नास वर्षं दूर, बिनधुराची दारू त्याहून दूर. हा सगळा संहार पुढून भरायच्या बंदुकीचा. पुढे बंदुका मागून भरायच्या झाल्या, पल्ला वाढला, बैलगाडीच्या जागी मोटार आली. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालं, नान्नजचं नाव त्यामुळे देशभर गेलं. आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. दोष एकट्या बंदुकीचा नाही. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. पण सुरुवात बंदुकीने केली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची हौस संपवली. काळविटाला तर पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. उरला तो शेतकऱ्याचा खरा त्रास. रात्रीतून मक्याचं, भुईमुगाचं शेत उकरून टाकणारी रानडुकरं, हरभऱ्यात उतरणारे हरणांचे कळप. ज्याचं वर्षाचं पीक एका रात्रीत जातं, त्याला वन्यजीवांचं कौतुक सांगणं सोपं नाही. कायद्याने त्यासाठी वाट ठेवली आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांबाबत वनखात्याच्या परवानगीने कारवाई करता येते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत ही परवानगीची पद्धत सोपी केली. ती परवानगी असली तरी हातात जी बंदूक आहे ती एका गोळीत काम करणारी हवी. जुन्या झिजलेल्या नळीने जखमी झालेलं रानडुक्कर उसात शिरतं, आणि सकाळी पाणी धरायला गेलेल्या माणसावर उलटतं. तेव्हा ज्याला खरोखर पिकाचं रक्षण करायचं आहे, त्याने जुन्या बंदुकीवर पैसे घालू नयेत. परवान्यावर मिळणारी, ज्याचं काडतूस सहज मिळतं, अशी नवी बंदूक घ्यावी. बारा बोअरची काडतुसं खडकीच्याच कारखान्यात बनत आली आहेत. २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे.

आणि ज्याला पीक राखायचं नाही, फक्त आजोबांची आठवण राखायची आहे, त्याने जुन्या बंदुकीला नवी करू नये. तिची नळी बदलली, दस्ता बदलला, अंगावरची नक्षी घासून चकचकीत केली, की आजोबांचं त्यात काय राहिलं? तिला तेल लावावं, गंजापासून जपावं, परवाना वेळेवर वाढवून घ्यावा, निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम आला तर पावती जपून ठेवावी. पुढच्या पिढीला परवाना नको असेल, तर बंदूक माळ्यावर लपवू नये. रीतसर जमा करावी. बिनपरवान्याची जुनी बंदूक ही आठवण राहत नाही, गुन्हा होतो.

मुलूखमैदान विजापूरला नेली गेली तेव्हा ती उडवता येत होती. पुढे तिच्यापेक्षा हलक्या, झपाट्याने फिरणाऱ्या तोफा आल्या आणि तिचं काम संपलं. पण कुणी तिला वितळवून नवी तोफ ओतली नाही. म्हणून आज परांड्याची मुलं सहलीला विजापूरला जातात, तेव्हा त्यांना आपल्या गावची तोफ पाहायला मिळते.